फादर रॉबर्ट न्यूजंट यांच्या स्मरणार्थ ठाण्यात मिस्सा ठेवायची असेल तर

फादर रॉबर्ट न्यूजंट आणि सिस्टर जिनीन ग्रामिक यांनी 1977 साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ सुरू केली. समलिंगी कॅथलिकांना चर्चमध्ये मानाने बसता यावं, यासाठी दोघांनी आयुष्य वेचलं. 1999 मध्ये व्हॅटिकनने दोघांनाही या सेवेतून कायमचं दूर केलं. फादरांनी आज्ञा पाळली, सिस्टर काम करत राहिल्या. 1 जानेवारी 2014 रोजी फादर वारले.

पुण्यतिथीच्याच दिवशी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना) हवी, असा हट्ट धरू नका. 1 जानेवारीला देवमाता मरियेचा सोहळा असतो. त्या दिवशी मृतांसाठीच्या खास प्रार्थना घेता येत नाहीत. इंटेन्शन, म्हणजे मिस्सा ज्याच्यासाठी अर्पण करायची त्याचं नाव, देता येतं, पण नववर्षाच्या गर्दीत नाव कुणाच्या कानावरही पडत नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की जानेवारीतली एखादी साधी संध्याकाळ निवडा. ऐरोली-वाशीहून येणाऱ्यांना कामावरून सुटून ट्रान्स-हार्बरने पोहोचता येतं.

तलावपाळीचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट असो की तुमचं दुसरं पॅरिश (स्थानिक चर्च), तिथल्या ऑफिसात तीन-चार आठवडे आधी जा. धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात. चर्चच्या कायद्यातला कॅनन (कलम) 901 तसं स्पष्ट सांगतो. इंटेन्शनच्या वहीत लिहिलं तेच वाचलं जातं, म्हणून पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहा. मात्र हे फादर कोण होते, ते मुख्य धर्मगुरूंना आधीच समोर बसून सांगा, 1999 च्या बंदीसकट. ती लपवली आणि नंतर कुणी तक्रार केली, तर पुढच्या माणसालाही ते दार बंद होतं. सोबत दोन गोष्टी न्या: कॅटेकिझमचा (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा) परिच्छेद 2358, जिथे समलिंगी व्यक्तींना आदर, करुणा आणि संवेदनशीलतेने स्वीकारायला सांगितलंय, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला पोप फ्रान्सिस सिस्टर ग्रामिक यांना व्हॅटिकनमध्ये भेटले, ती बातमी.

विश्वासूंच्या प्रार्थना (मिस्सेत सगळ्यांसाठी केल्या जाणाऱ्या विनंत्या) तुम्हाला लिहायला मिळाल्या तर चार पुरेत, क्रम ठरलेला: चर्च, राज्यकर्ते आणि जग, दुःखी-पीडित, आपलं पॅरिश. प्रत्येकी एकच वाक्य. तिसऱ्या प्रार्थनेत ‘घराने आणि चर्चने दूर लोटलेले समलिंगी आणि ट्रान्स बंधुभगिनी’ असं उघड म्हणा. गोलमोल शब्द ज्याच्यासाठी आहेत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फादरांचं चरित्र मात्र प्रार्थनेत कोंबू नका. प्रवचनही धर्मगुरूंचंच असतं. आपलं बोलणं मिस्सेनंतर हॉलमध्ये ठेवा.

हॉलमध्ये पाऊण तास पुरतो. बाजूच्या टेबलावर फोटो, हार, मेणबत्ती. फोटो वेदीवर नेऊ नका आणि ‘संत’ही म्हणू नका: जाहीर भक्ती फक्त घोषित संतांची आणि धन्य ठरवलेल्यांचीच करता येते, आणि नेमकं याच मुद्द्यावर विरोधक बोट ठेवतात. वाचनासाठी यशया 56:3–5 किंवा प्रेषितांची कृत्ये 8:26–40 घ्या. दोन्ही उताऱ्यांत षंढाला देवाच्या घरात जागा मिळते.

सगळ्यात जपायचं ते येणाऱ्यांना. ठाण्यात पॅरिशमधलं अर्धं माणूस एकमेकांच्या नात्यातलं; एका फोटोने एखाद्याचं घर सुटू शकतं. म्हणून हजेरीवही नको, ग्रुप फोटो नको. निरोपासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप उघडू नका, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो, बाकीच्यांना फोन करा.

पॅरिशने नकार दिला तर भांडत बसू नका, घरी प्रार्थना ठेवा. 1971 मध्ये सिस्टर ग्रामिक फिलाडेल्फियात शिकत होत्या, तेव्हा डॉमिनिक बॅश नावाच्या समलिंगी तरुणाने त्यांना विचारलं, चर्च माझ्या भावंडांसाठी काय करतंय? त्यानंतर त्याच्याच घरी मिस्सा होऊ लागली. घरी धर्मगुरू नसतील तर रोझरी (जपमाळेची प्रार्थना), यशयाचं वाचन आणि वरच्या चार प्रार्थना घ्या. खुर्च्या गोलात मांडा आणि उशिरा येणाऱ्यासाठी दाराजवळची एक मोकळी ठेवा.