मोहरी चारायची तर आधी शेंडा उकलून बघा

दिवाळी झाली की मेंढरांचे वाडे, म्हणजे धनगरांचे कळप, घाट उतरून कोकणाकडे निघतात. पुरंदर-शिरूरकडं मोहरीत वाडा बसवायला हीच वेळ सापडते. पाला मेंढरांना, दाणा आपल्याला, वर लेंडीखत. हिशोब बरोबर आहे. पण चराईचा दिवस वाडा ठरवतो, पिकाकडं कोणी बघत नाही.

माझ्या बघण्यात शेतं जातात ती यापायीच. वरून फूल दिसत नाही म्हणून चारतात, आत शेंड्यात कळ्यांचा हिरवा गोंडा धरलेला असतो. मेंढरू नेमका तोच खुडतं. मग बगलफांद्या फुटतात खऱ्या, पण फुलोरा लांबतो आणि मावा किडीच्या तोंडी सापडतो.

ऑस्ट्रेलियात कॅनोला, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक, हिवाळाभर चारतात. तिथले त्यासाठीचे हिवाळी वाण पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय कळी धरत नाहीत. आपली मोहरी चाळीस-पन्नास दिवसांत फुलते. चराईला मिळतात फार तर आठ-दहा दिवस.

म्हणून पेरणीनंतर पंचविसाव्या दिवसापासून रोज दहा झाडं बघा. पान ओढा, पान तुटून झाड जागेवर राहिलं तर मूळ धरलंय. मग मधली पानं अंगठ्यानं सारून शेंडा बघा. गोंडा दिसला की चराई बंद, वाडा बांधावर येऊन उभा असला तरी.

पेरणी: ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, एकरी २ किलो, दोन ओळींत ४५ सें.मी.
विरळणी: १५-२० दिवसांनी.
पाणी: चराईनंतर लगेच, फुलोऱ्यात, शेंगा भरताना.

जनावर उपाशी सोडू नका. आधी कडबा, मग तासभर मोहरी, रोज थोडी वाढवत. युरियाचा दुसरा हप्ता चराईनंतरच द्या; आधी दिला तर पाल्यात नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. चरलेल्या रानावर दुकानदार फुटवे वाढवायच्या औषधाची बाटली पुढं करेल. ती राहू द्या. झाडाला पाणी आणि नत्र हवं.

माव्याला ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून १०० लिटर पाणी करा. थंडीत सलग दोन दिवस आभाळ आलं की मी मावा दिसायची वाट बघत नाही, बांधाकडच्या ओळींपासून फवारणी सुरू करतो. रासायनिक औषध मारलेल्या रानात मात्र शेळीसुद्धा सोडू नका.