खाते आणि सदस्यत्व: सॉफ्टवेअरमध्ये नोंदी कुठे आणि कशा ठेवाव्यात

सभासदांची यादी एक्सेलमध्ये ठेवलेली असते तेव्हा प्रत्येक सभासदाची एकच ओळ असते आणि त्या ओळीत नाव, ईमेल, सभासद-प्रकार, भरलेली वर्गणी व मुदत हे सारे शेजारीशेजारी बसलेले असते. सदस्यत्व व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच ओळ दोन नोंदींत विभागावी लागते, आणि पुढच्या बहुतेक अडचणी ही विभागणी घाईत केल्यामुळे उद्भवतात.

खाते ही व्यक्तीची ओळख होय. नाव, संपर्क, लॉगिन या गोष्टी त्यात येतात आणि त्यांना मुदत नसते. सदस्यत्व ही त्या व्यक्तीचे संस्थेशी कोणत्या प्रकारचे नाते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, याची नोंद होय. एखादी माहिती कुठे ठेवावी असा प्रश्न पडला, तर वर्गणीची मुदत संपल्यावरही ती खरी राहते का, हे पाहावे. जन्मतारीख खरी राहते, म्हणून ती खात्यात ठेवावी. विद्यार्थी-सवलत राहत नाही, म्हणून ती सदस्यत्वात ठेवावी. सभासद क्रमांकाबाबत मतभेद असतात, परंतु लोक तो क्रमांक कायमचा आपलाच मानतात, त्यामुळे तो खात्याशी जोडणे मला अधिक योग्य वाटते.

येथे शब्दांविषयी एक सावधगिरी बाळगावी. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अकाउंट’ म्हणजे सामान्यतः संस्था किंवा कंपनी, आणि व्यक्तीसाठी ‘कॉन्टॅक्ट’ ही वेगळी नोंद असते. सिव्हीसीआरएम या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र व्यक्ती, कुटुंब आणि संस्था हे तिन्ही ‘कॉन्टॅक्ट’चेच प्रकार आहेत. तेव्हा माहितीपत्रकातील शब्दावर न जाता ती नोंद नेमकी कोणाची आहे, हे आधी विचारून घ्यावे.

नूतनीकरणाच्या वेळी या दोन नोंदींमधला फरक सर्वांत ठळकपणे जाणवतो. १५ मार्च २०२४ रोजी सुरू झालेले बारा महिन्यांचे सदस्यत्व १४ मार्च २०२५ रोजी संपते. सभासदाने २ मार्च रोजीच वर्गणी भरली, तर नवी मुदत १५ मार्चपासून धरावी, अन्यथा वेळेआधी पैसे भरणाऱ्याचेच तेरा दिवस बुडतात. त्याने २० एप्रिलला भरली, तर मुदत मागील तारखेपासून धरायची की भरल्याच्या दिवसापासून, हा निर्णय संस्थेचा असून तो सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगवर सोडून देऊ नये. काही प्रणाली जुन्याच नोंदीची अखेरची तारीख पुढे ढकलतात, तर काही दर वेळी नवी नोंद करतात. पहिल्या पद्धतीत यादी आटोपशीर राहते, पण सभासद-प्रकार मध्येच बदललेला असल्यास जुना इतिहास झाकला जाण्याची शक्यता असते. म्हणून प्रकार बदलताना तरी नवी नोंद करावी. कोणत्याही पद्धतीत नूतनीकरणासाठी नवे खाते उघडण्याची गरज नसते, तरीही पासवर्ड विसरलेला सभासद नेमके तेच करतो.

कौटुंबिक आणि संस्थात्मक सदस्यत्वात एकाच सदस्यत्वाखाली अनेक खाती येतात. वर्गणी भरणारा, मतदानाचा हक्क असलेला आणि केवळ सवलतीचा लाभ घेणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हे लक्षात घेऊन प्रत्येकाची भूमिका स्वतंत्रपणे नोंदवावी. संस्थात्मक सदस्यत्व संस्थेच्या नावे ठेवून कर्मचाऱ्यांना त्याच्याशी जोडावे, म्हणजे एखादा कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी तेवढा दुवा तोडून भागते. पतिपत्नी एकच ईमेल वापरत असतील आणि प्रणालीत एका ईमेलवर एकच खाते उघडता येत असेल, तर दोन व्यक्ती एका नोंदीत कोंबण्यापेक्षा एकाची नोंद लॉगिनशिवाय ठेवावी.

सदस्यत्व नसलेले खातेही पूर्णपणे वैध असते. देणगीदार, कार्यक्रमाला आलेले पाहुणे आणि माजी सभासद यांची खाती ‘निष्क्रिय’ म्हणून पुसून टाकू नयेत. सभागृहाच्या आरक्षणाचा किंवा मतदानाचा अधिकार मात्र नेहमी चालू सदस्यत्वावरून ठरवावा. लॉगिन करता येणे हा सदस्यत्वाचा पुरावा नव्हे. सदस्यत्व रद्द करायचे असेल तेव्हा त्या सदस्यत्वाची स्थिती बदलावी. खाते पुसल्यास त्याला जोडलेल्या पावत्याही जाऊ शकतात.

दुहेरी खाती आढळल्यास एक पुसून टाकण्याऐवजी ‘मर्ज’ची सोय वापरून ती एकत्र करावीत आणि त्यानंतर एकाच कालावधीची दोन सदस्यत्वे शिल्लक राहिली आहेत का, हे स्वतः पाहावे, कारण ही तपासणी सॉफ्टवेअर आपोआप करीलच असे नाही.

सगळी यादी आत घेण्यापूर्वी मोजक्या अवघड नोंदी निवडून चाचणी घ्यावी: मुदत संपल्यानंतर काही महिन्यांनी परतलेला सभासद, एकच ईमेल वापरणारे दांपत्य, एकाच वेळी दोन प्रकारचा सभासद असलेली व्यक्ती आणि प्रतिनिधी बदललेली संस्था. त्यांचा इतिहास पडद्यावर बरोबर दिसला, तरच उरलेली यादी आत घ्यावी.