कॉन्फोकलवर कॅल्शियम मोजताना: अंधुक चित्राची सवय

नांदेडला एम.एस्सी. होईपर्यंत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, म्हणजे लेसरने नमुन्याचा एकच पातळ थर टिपणारा सूक्ष्मदर्शक, मी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता. पीएच.डी.त तो वापरायची वेळ आली, तेव्हा यंत्र एसटीने साडेतीन तासांवरच्या शहरात होते आणि मला मिळालेली वेळ अवघी दोन तासांची होती. हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग-पेशींचा) फ्लास्क पोषक माध्यमाने काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून मी थर्माकोलच्या डब्यातून नेला आणि आदल्या दिवशीच तिथे काचेच्या तळाच्या डिशमध्ये पेशी पेरल्या. मे महिन्यात आपल्याकडच्या बसमधला उकाडा पेशींच्या ३७ अंशांना सहज मागे टाकतो, म्हणून पहाटेचीच गाडी धरावी.

फ्लुओ-४ हा कॅल्शियमला जोडला गेला की हिरवा चमकणारा रंजक. तो पेशीपटल ओलांडू शकणाऱ्या एएम (एस्टर जोडलेल्या) स्वरूपात पेशीत शिरतो, आतली एस्टरेज विकरे त्याची एस्टर-शेपटी तोडतात आणि तो आतच अडकतो. मी २ मायक्रोमोलर रंजक अर्धा तास ठेवते, मग पेशी धुऊन आणखी अर्धा तास थांबते. हा दुसरा अर्धा तास घाईत गाळला, तर न तुटलेला रंजक कॅल्शियमला प्रतिसादच देत नाही. पेशी ज्यात ठेवायच्या त्या बफर द्रावणात फिनॉल रेड (माध्यमातला आम्लता दाखवणारा रंग) नसावे, कारण त्याने पार्श्वभूमी उजळते.

पहिल्या दिवशीची माझी चूक मात्र रंजकाची नव्हती. ४८८ नॅनोमीटरचा लेसर लावून पेशी पडद्यावर हिरव्यागार, छान दिसेपर्यंत मी डिटेक्टरचा गेन, म्हणजे प्रकाशाचा संकेत किती पटींनी मोठा करायचा ते, वाढवत नेला. पेशींना उत्तेजित करून त्यांचे कॅल्शियम वाढवणारे एटीपी टाकल्यावर चमकेचा आलेख थोडा चढला आणि सपाट झाला. पेशी प्रतिसाद देत नाहीत असे मी वहीत लिहूनही टाकले. रात्री मूळ आकडे उघडले, तर शिखरावरचा जवळजवळ प्रत्येक बिंदू ४०९५ वर, म्हणजे १२-बिटच्या कमाल मर्यादेवर, टेकलेला होता. शांत पेशीत मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असते आणि उत्तेजनानंतर ते कित्येक पटींनी वाढते. त्या वाढीला डिटेक्टरमध्ये मी जागाच ठेवली नव्हती. आता सुरुवातीचे चित्र मी जेमतेम दिसेल इतके अंधुक ठेवते, आणि प्रयोगापूर्वी एका वेगळ्या डिशमध्ये आयनोमायसिन (पेशीत भरपूर कॅल्शियम शिरू देणारे रसायन) टाकून सर्वांत उजळ पेशीसुद्धा कमाल मर्यादेखाली राहते ना, हे पाहून घेते.

लेसर कमी ठेवून पिनहोल (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणारे छिद्र) थोडे मोठे करणे मला परवडते: प्रकाशीय काप, म्हणजे टिपला जाणारा थर, जाड होतो, पण रंजक लवकर विझत नाही. साध्या आरशांच्या यंत्रावर ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची चौकट सुमारे सेकंदाला एक मिळते, आणि हेला पेशींच्या दहा-वीस सेकंदांच्या लाटेला ती पुरते. हृदयपेशींसाठी ती अजिबात पुरणार नाही; तिथे एकच रेघ पुन्हा पुन्हा स्कॅन करावी लागते.

फ्लुओ-४ एकाच तरंगलांबीवर वाचला जात असल्याने त्यातून थेट कॅल्शियमची पातळी सांगू नये. प्रत्येक पेशीची चमक तिच्याच सुरुवातीच्या चमकेने भागून मांडावी. फ्युरा-२ या दुसऱ्या कॅल्शियम-रंजकात ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचे गुणोत्तर मिळते खरे, पण त्या तरंगलांबींचे लेसर बहुतेक कॉन्फोकलवर नसतात.

एटीपी टाकण्याआधी तेवढाच नुसता बफर टाकून पाहावा. माझ्या दोन डिशमध्ये त्यानेही आलेख उसळला, कारण पिपेटच्या धक्क्याने फोकस हलला होता. प्रयोगाच्या डिशमध्ये आयनोमायसिनची पाळी सर्वांत शेवटी, आणि त्याची टिप लगेच टाकून द्यावी. तीच टिप चुकून पुढच्या डिशमध्ये बुडाली, तर ती डिश गेलीच.