खाडा आधी सांगायचा

निकालाच्या दिवशी माझ्याकडे ताटं अर्धी परत येतात. सदाशिव पेठेत 21 वर्षं खानावळ चालवतेय, बहुतेक मेंबर स्पर्धा परीक्षेची मुलं. यादी लागली की कोणाचं झालं आणि कोणाचं राहिलं, हे मला ताटावरून कळतं. मागच्या निकालाला परभणीकडचा एक मुलगा पोळीचा पहिला तुकडा हातात धरून बसला होता. वरण गार झालं, त्यावर पापुद्रा धरला, तरी तुकडा हातातच. चौथा प्रयत्न होता त्याचा, मुख्य परीक्षेत थोडक्यात गेलेला. "काकू, पुस्तक उघडवतच नाही आता," म्हणाला. घरी अजून सांगितलं नव्हतं. असं पडल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं म्हणून त्याला जे सांगितलं आणि 2020 साली माझी मेस बंद पडली तेव्हा मी जे केलं, ते इथे नीट लिहून ठेवतेय.

आधी जेवा आणि झोपा. ऐकायला साधं वाटेल, पण पडलेला माणूस हेच दोन आधी सोडतो. भूक नसली तरी दुपारी एकला आणि रात्री साडेआठला ताटावर बसायचं, जाईल तेवढं खायचं. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आणि आठ दिवस कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. पुस्तकं रद्दीत घालायची नाहीत, रूम सोडायची नाही, कुणाशी भांडून संबंध तोडायचे नाहीत.

हे मला महागात पडून कळलं. 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू झाला, मागोमाग टाळेबंदी लागली. माझे 85 मेंबर होते. आठवड्याभरात एकही उरला नाही, सगळे मिळेल त्या गाडीने गावी गेले. जूनमध्ये गाळ्याचं थकलेलं भाडं मागायला माणूस आला आणि त्याच संध्याकाळी मी तिरीमिरीत मोठी पातेली, वरणाची डेग, वाढायच्या बादल्या किलोच्या भावाने मोडीत घातल्या. म्हटलं, आता कशाला हवंय हे. पुढच्या वर्षी तीच भांडी नवी घेताना तिप्पट पैसे मोजले. माझ्या सासूबाईंच्या हातची डेग होती ती, ती तर कितीही पैसे मोजून परत येणार नव्हती. म्हणून सांगते, आठ दिवस थांबा.

आठ दिवसांनी वही घ्या. मनात "सगळं संपलं" असतं, त्याचे आकडे करा. मी पानाच्या डाव्या बाजूला देणं लिहिलं. पाच महिन्यांचं भाडं 1,10,000, किराणा उधारी 34,000, पतपेढीचं राहिलेलं कर्ज 60,000, मेंबरांचे आगाऊ घेतलेले परत करायचे 18,000. एकूण 2,22,000. आकडा मोठाच होता, पण त्याला शेवट होता. त्याआधी रात्री छातीवर जे बसत होतं त्याला शेवट नव्हता. उजव्या बाजूला उरलेलं लिहिलं. दोन शेगड्या, परात, पोळपाट-लाटणी, हाताला असलेली चव, पोळ्या लाटणाऱ्या दोघी बायका आणि मेंबरांचे 85 फोन नंबर. ही उजवी बाजू लिहायला मला डाव्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. तुम्हालाही लागेल. पान अर्धवट सोडून उठू नका.

परीक्षेवाल्या मुलांनी यात गुणपत्रिका धरावी. नापास झालो असं लिहायचं नाही. कुठल्या पेपरात किती गेले, वेळ कुठे पुरला नाही, कोणता विषय दरवेळी नडतो, हे लिहायचं. आणि उजव्या बाजूला त्या अभ्यासावर आणखी कोणत्या परीक्षा, कोणत्या नोकऱ्या शक्य आहेत ते.

कुणाचं देणं असेल तर त्यांनी बोलावण्याआधी आपण जायचं. किराणावाल्या काकांकडे मी वही घेऊनच गेले. दर शनिवारी 1,000 देईन म्हटलं, त्यांनी मान डोलावली. 34 शनिवार लागले, एकही चुकवला नाही. नातेवाइकांचंही असंच आहे. विचारणारे विचारणारच, तेव्हा एक वाक्य पाठ करून ठेवा. "यंदा झालं नाही, दिवाळीनंतर पुढचं ठरवतोय." एवढंच, प्रत्येकाला तेच. निकालानंतर आमच्या भागात अभिनंदनाचे फ्लेक्स गल्लोगल्ली लागतात. तेव्हा पंधरा दिवस वेगळ्या रस्त्याने ये-जा केली तरी चालेल. त्यात पळपुटेपणा नाही, जखमेला वारा लागू द्यायचा नसतो इतकंच.

आता मुख्य गोष्ट. हुरूप येईल मग कामाला लागू, असं म्हणून बसू नका. हात आधी चालतात, हुरूप मागून येतो. हे मी अगदी परातीपाशी शिकले.

जुलैत शेजारच्या दोन इमारतींमधल्या म्हाताऱ्या माणसांनी डबा विचारला. मुलं परदेशी, कामवाल्या बायका येऊ शकत नव्हत्या. सहा डबे झाले. 85 माणसांचा स्वयंपाक करणारीला सहा डब्यांसाठी पहाटे उठवेना. अंथरुणात पडून वाटायचं, काय करायचंय एवढ्याशासाठी. मग मी ठरवलं, स्वयंपाकाचा विचारच करायचा नाही. साडेपाचला उठून फक्त एक किलो पीठ परातीत काढायचं, बस. पीठ काढलं की मीठ-तेल पडायचं, पाणी पडायचं. सुरुवातीला कणीक बोटांना चिकटते, नको वाटतं. पाचेक मिनिटं तिंबली की ती परात सोडायला लागते, गोळा एकजीव होतो, आणि तेवढ्यात माझा श्वासही खाली आलेला असायचा. किलोभर पिठाच्या तीसेक पोळ्या होतात. सहा डब्यांना प्रत्येकी चार म्हणजे 24, उरलेल्या घरी. तीन महिने हेच. कुठल्याही सकाळी मला उत्साह होता म्हणून मी उठले नाही. पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली की मग बरं वाटायचं.

पुढे मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी जेवायला यायची, तिने सांगितलं की नैराश्याच्या उपचारात हेच करून घेतात. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात त्याला. मन लागण्याची वाट न बघता छोटं, ठरलेलं काम ठरल्या वेळी करायचं, मूड त्याच्या मागून सुधारतो. तुमचं एक किलो पीठ कोणतं ते तुम्ही ठरवा. त्या परभणीच्या मुलाला मी म्हटलं, अभ्यासाला बसूच नकोस. सकाळी सातला अभ्यासिकेत जायचं, वही उघडून तारीख घालायची, एक पान वाचून उठायचं. आणि त्याआधी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून यायच्या. पर्वतीवर पोचलो की नाही, हे तरी निकालावर अवलंबून नसतं.

काम छोटं हवं, हे माझ्या सासूबाईंना फार आधी ठाऊक होतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याची भिंतही गेली. त्यांचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत होतं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, नळाला पाणी नाही. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त चुलीपुढची दोन हात जागा खरवडून काढली आणि चहा टाकला. घराकडे बघितलंच नाही म्हणायच्या, बघितलं असतं तर बसले असते.

एक गोष्ट कडक बोलते. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर त्याला तारीख घाला. राज्यसेवेला वयाची अट खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, त्यामुळे "अजून वय आहे" म्हणत वर्षं जातात. मी ती जाताना बघितली आहेत. 5 एप्रिल 2020 ची पूर्व परीक्षा पुढे पुढे ढकलली गेली. मार्च 2021 मध्ये ती पुन्हा पुढे गेली तेव्हा हीच मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली होती. अखेर 21 मार्चला पेपर झाला. त्या वर्षात ज्यांनी सोबत एखादं काम धरलं, कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी छापखान्यात प्रुफं तपासली, ती मुलं पुढच्या धक्क्याला उभी राहिली. परीक्षा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुसरी वाट कागदावर असली की पहिल्या वाटेवरचं भय कमी होतं.

आणि हे नीट ऐका. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, कशातच रस नाही, किंवा "मी नसलेलंच बरं" असं मनात येतंय, तर माझे हे उपाय पुरेसे नाहीत. 14416 वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. रूममेट असं बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या शेजारी बसून तुम्ही फोन लावा.

शेवटी विश्रांतीचं. आमच्याकडे खाड्याचा नियम आहे. आधी सांगून सलग तीन दिवस गेलात तर खाडा धरते, तेवढे दिवस महिन्यात वाढवून देते. न सांगता गेलात तर दिवस बुडाले. छोट्या ठरलेल्या कामालाही हाच नियम लावा. थकलात तर आदल्या दिवशी वहीत लिहा, "उद्या सुट्टी", आणि मग बिनघोर लोळा. सकाळी उठून मन नाही म्हणून मारलेली दांडी मात्र दिवसभर टोचते आणि दुसऱ्या दिवशीही पाय ओढते.

मागच्या बुधवारी तो मुलगा जेवून हात धुऊन काउंटरशी आला. ताट स्वच्छ होतं.

"काकू, गुरुवार, शुक्रवार, शनिवार खाडा."

"कुठे निघालास?"

"गावी. आईला सांगायचंय."

मी वहीत त्याच्या नावापुढे तीन फुल्या मारल्या आणि गाडीत खायला चार पोळ्या आणि चटणी बांधून दिली.