मालाचा उठाव घटला की कंपन्या काय चुकतात? या चुका टाळा

महिनाअखेरचे आकडे खाली आले की तासाभरात तीन सूचना पुढे येतात: भाव उतरवू, पॅक बदलू, जाहिरात वाढवू. साबण, टूथपेस्ट, शीतपेये, कपडे धुण्याची पावडर अशा रोजच्या वस्तूंच्या धंद्यात हे सतत घडते. तिन्ही उपाय आपापल्या जागी योग्य असतात. पण माल नेमका कुठे अडला आहे, हे कोणी तपासलेले नसते. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

‘विक्री’ कशाला म्हणता, ते आधी ठरवा

कंपनी वितरकाला माल देते, वितरक दुकानदाराला आणि दुकानदार ग्राहकाला. हे तीन वेगळे आकडे आहेत. कंपनीच्या बैठकीत मात्र बहुतेक वेळा पहिल्याच आकड्याला विक्री म्हटले जाते. तिमाही संपत आली, लक्ष्य दूर आहे, मग जादा उधारी आणि जादा सूट देऊन वितरकाच्या गोदामात माल कोंबला जातो. कागदावर वाढ दिसते. पुढच्या महिन्यात वितरक ऑर्डर देत नाही, म्हणून आणखी मोठी स्कीम काढावी लागते.

हा आजार ओळखता येतो. वितरकांकडून येणे बाकी असलेली रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढत असते. तिमाहीतला मोठा माल शेवटच्या आठवड्यात निघालेला असतो. दुकानाच्या फळीवर जुन्या तारखेचे पॅक दिसू लागतात. अडकलेला पैसा सोडवण्यासाठी एखादा वितरक पडेल भावात माल शेजारच्या वितरकाच्या भागात सोडतो आणि तिथलाही भाव बिघडतो.

उपाय कडू आहे, पण दुसरा नाही. वितरकाकडे किती दिवसांचा साठा आहे ते मोजा आणि तो उतरेपर्यंत माल पाठवणे कमी करा. एक तिमाही वाईट जाईल, ती जाऊ द्या. विक्री प्रतिनिधीचे प्रोत्साहन वितरकाला पाठवलेल्या मालावर न ठेवता दुकानातून होणाऱ्या उठावाला जोडा. साठा तुंबलेला असताना भाव उतरवलात, तर जुन्या भावाने घेतलेल्या मालाची भरपाईही वितरक तुमच्याकडेच मागेल.

दुकानातला उठावही खरोखरच घटला असेल, तर पुढचा प्रश्न विचारा: घेणारी घरे कमी झाली, की तीच घरे कमी वेळा घेतात? घरे कमी झाली असतील तर माल किती दुकानांत पोहोचतो ते आधी पाहा. अनेकदा स्पर्धकाने ग्राहक पळवलेला नसतो. आपला पॅक फळीवर नव्हता, एवढेच झालेले असते.

स्पर्धकाने भाव उतरवला म्हणून आपणही उतरवणे

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा. भाव १००, बदलता खर्च (कच्चा माल वगैरे, जो प्रत्येक नगामागे होतो) ६०, म्हणजे नगामागे ४० उरतात. भाव १० टक्क्यांनी उतरवला की उरतात ३०. पूर्वीइतकेच पैसे मिळवायला एक तृतीयांश जास्त नग विकावे लागतील. नगामागे २५च उरत असतील, तर तेवढ्याच कपातीनंतर विक्री दोन तृतीयांशांनी वाढायला हवी. रोजच्या वापराच्या वस्तूत इतकी वाढ टिकणे फार अवघड असते, कारण भाव उतरला म्हणून कोणी दिवसातून जास्त वेळा दात घासत नाही. वाढ यायची ती दुसऱ्याच्या हिश्श्यातून, आणि तो दुसराही गप्प बसणार नसतो.

म्हणून भाव कधीच उतरवू नये, असेही नाही. शुक्रवारी, २ एप्रिल १९९३ रोजी फिलिप मॉरिसने अमेरिकेत मार्लबोरो सिगारेटचा भाव सुमारे २० टक्क्यांनी उतरवला. त्या दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव जवळपास एक चतुर्थांशाने पडला आणि नामांकित ब्रँडचे दिवस संपले, अशी चर्चा सुरू झाली. पण मार्लबोरोचा बाजारहिस्सा नंतर सावरला. तिथे निदान बरोबर होते: वर्षानुवर्षे भाव वाढवत नेल्यामुळे स्वस्त सिगारेटी आणि मार्लबोरो यांच्यातली दरी खरोखरच फार रुंद झाली होती. माझ्या मते चूक त्या शुक्रवारी झाली नाही. ती त्याआधीच्या प्रत्येक भाववाढीत थोडी थोडी होत आली होती.

तेव्हा स्पर्धकाच्या भावाची बातमी आली की सर्वांत स्वस्त पर्यायापासून आपले अंतर गेल्या काही वर्षांत किती वाढले ते काढा. अंतर तेच असेल तर थांबा. फार तर एखादा छोटा पॅक किंवा दुय्यम ब्रँड पुढे करा, मुख्य ब्रँडला हात लावू नका.

सतत ‘तीनावर एक मोफत’ देणे ही भावकपातच आहे, २५ टक्क्यांची. ग्राहक आणि दुकानदार स्कीम चालू असताना साठा करतात आणि ती संपल्यावर थांबतात. स्कीमच्या आठवड्यातली वाढ मोजताना पुढच्या चार-सहा आठवड्यांतली घट त्यातून वजा करा. मग किती उरते ते पाहा.

चाचणीत जिंकलेली वस्तू बाजारात हरते

१९८५ मध्ये कोका-कोलाने आपल्या पेयाची चव बदलली. पेप्सीची गोडसर चव लोकांना आवडते, असे समोरासमोरच्या चाचण्यांत दिसत होते. कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना नवी चव देऊन पाहिली आणि तीच सरस ठरली. २३ एप्रिलला नवे पेय आले आणि ७९ दिवसांनी जुने परत आणावे लागले.

दोन गोष्टी निसटल्या होत्या. एका घोटाला जास्त गोड पेय छान लागते, पूर्ण कॅन संपवताना तसेच लागेल असे नाही. आणि नवे आवडते का, हे विचारणे म्हणजे जुने कायमचे गेले तर चालेल का, हे विचारणे नव्हे. म्हणून चाचणी घरी, पूर्ण पॅक संपेपर्यंत करा आणि दुसरा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

पॅकचेही तसेच. २००९च्या सुरुवातीला ट्रॉपिकानाने अमेरिकेत रसाच्या खोक्यावरचे स्ट्रॉ खोचलेले संत्रे काढून टाकले. दोन महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुने खोके परत आले. रस तोच होता. ग्राहक फळीसमोर उभा राहून नावे वाचत बसत नाही, त्याचा हात ओळखीच्या खुणेकडे जातो. पॅक सुधारायचा असेल तर ती एक खूण कोणती हे आधी शोधा आणि तिला सोडून बाकीचे बदला, तेही आधी एका छोट्या बाजारात.

वजन गुपचूप कमी करणाऱ्यांनी टोब्लेरोन चॉकलेट आठवावे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये काही वड्यांच्या त्रिकोणांमधली फट वाढवून वजन घटवले. बदल डोळ्यांना दिसणारा होता, म्हणून तो सर्वांच्या तोंडी झाला. २०१८ मध्ये जुना आकार परत आला.

धोका चुकीच्या दिशेला शोधणे

जिलेट वर्षानुवर्षे आणखी एक पाते, आणखी थोडा भाव, या वाटेने गेली. मोठ्या स्पर्धकाविरुद्ध ही वाट चाललीही. पण डॉलर शेव क्लबने २०१२ मध्ये घरपोच, स्वस्त, पुरेशी बरी ब्लेडे देऊन बाजार गाजवला, तेव्हा ‘पुरेसे बरे’ हवे असलेले बरेच ग्राहक जिलेटकडेच अडकून होते, हे उघड झाले. २०१७ मध्ये जिलेटला अमेरिकेत भाव उतरवावे लागले. २०१९ मध्ये जिलेटची मालक कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बलने जिलेटचे पुस्तकी मूल्य, म्हणजे हिशेबात दाखवलेली किंमत, ८ अब्ज डॉलरने कमी केले. त्याला चलनांची घसरण आणि पुरुषांचे दाढी कमी वेळा करणे हीही कारणे होती. युनिलिव्हरने तो क्लब २०१६ मध्ये विकत घेतला आणि २०२३ मध्ये त्यातला बहुसंख्य हिस्सा विकून टाकला. तेव्हा नवा स्पर्धक विकत घेणे हे औषध समजू नका. तुमचे सोडून गेलेले ग्राहक गाठा आणि आमच्या मालातले काय तुम्ही वापरतच नव्हता, ते विचारा.

शेवटची चूक यशासारखी दिसते, म्हणून ती पकडणे कठीण. २०१५च्या विलीनीकरणानंतर क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीने दरवर्षी प्रत्येक खर्च शून्यापासून सिद्ध करायला लावला आणि नफ्याचे प्रमाण उत्तम झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने मालमत्तेचे, त्यातही क्राफ्ट आणि ऑस्कर मायर या ब्रँडचे, मूल्य १५.४ अब्ज डॉलरने कमी केले. खर्च कापायचाच असेल तर दोन याद्या करा. प्रवास, कार्यालये, दुहेरी मंजुऱ्या पहिल्या यादीत: त्या या वर्षीच कापा. मालाचा दर्जा, नवे उत्पादन, जाहिरात दुसऱ्या यादीत. हे कापले तर पहिल्या वर्षी काहीच बिघडलेले दिसणार नाही, म्हणून या यादीवर सही करणाऱ्याला त्या ब्रँडच्या तीन वर्षांनंतरच्या उठावाची जबाबदारीही लेखी द्या.