मोठा टॅरेंट्युला पाळायचाय? पाणी, उंची आणि कात या तीन गोष्टी आधी समजून घ्या

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहते आणि गेली सहा वर्षं माझ्याकडे एक सॅल्मन पिंक टॅरेंट्युला आहे, शास्त्रीय नाव लॅसिओडोरा पाराहिबाना, मूळची ईशान्य ब्राझीलची, जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळ्यांपैकी एक. या जातीचे पाय पसरले तर २५ सेंटीमीटरपर्यंत जातात, आमची ठकी सध्या २१ ची आहे. इथून जवळच हाम गावात टेरारिस्टिका नावाचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि कोळ्यांचा प्रचंड मोठा बाजार भरतो, तिथून आणली तेव्हा ती माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. आता ओळखीतली बरीच मंडळी विचारतात की कसं पाळायचं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी कुठला घ्यायचा ते ठरवा

शक्यतो मादी घ्या. सॅल्मन पिंकची मादी १५ वर्षं सहज काढते, नर वयात आला की पुढे साधारण वर्ष-दीड वर्षच जगतो. जंगलातून पकडलेला घेऊ नका, पैदास केलेलाच घ्या, विकणाऱ्याला सरळ विचारा. आणि पहिलाच कोळी म्हणून गोलियाथ, म्हणजे थेराफोसा ब्लॉन्डी, अजिबात नको. वजनाने तो सगळ्यांत भारी, पण त्याला सतत ओलसर माती लागते आणि त्याचे केस फार त्रास देतात.

भारतातून वाचत असाल तर कायदा आधी बघा. वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले विदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी करावी लागते. मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे ब्रॅकिपेल्मा त्या यादीत आहेत, आणि आपल्या झाडांवर राहणारे पोइसिलोथेरिया २०१९ पासून आहेत. सह्याद्रीत फिरताना बिळात किंवा झाडाच्या ढोलीत टॅरेंट्युला दिसला तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या, प्लीज.

पेटी: उंची कमी, माती जास्त

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानात छान उंच काचेची पेटी दाखवतात, मलाही तशीच दिली होती. पण हा जमिनीवरचा जड कोळी आहे आणि त्याचं पोट म्हणजे पातळ कातडीची पाण्याने भरलेली पिशवी समजा. काचेवर चढून वरून पडला तर पोट फुटतं आणि मग बहुतेक वेळा वाचत नाही. त्यामुळे मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट, त्यापेक्षा जास्त नको. मी त्याच उंच पेटीत जवळजवळ अर्ध्यापर्यंत माती भरली, कोकोपीट आणि खत न घातलेली बागेची माती मिसळून, दाबून दाबून, म्हणजे बीळ केलं तरी ढासळत नाही. लांबी-रुंदी ६० बाय ४० सेंटीमीटर पुरते. एका कोपऱ्यात लपायला झाडाच्या सालीचा मोठा तुकडा. वर जाळीचं झाकण असेल तर बदला, जाळीत नखं अडकून पाय तुटतात, त्यापेक्षा भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची शीट चांगली. एका पेटीत एकच कोळी, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो.

पाणी आणि ऊब

पसरट भांड्यात पाणी कायम हवं. स्पंज घालू नका, सडतो. आठवड्या-पंधरवड्याने मातीच्या एका बाजूला पाणी ओतायचं, दुसरी बाजू कोरडी राहू द्यायची, तिला हवं तिथे ती बसते. पूर्ण पेटी ओली आणि कोंदट केलीत तर बुरशी येते.

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडून पाण्याकडे लक्ष देणंच राहून गेलं. हीटर दिवसभर चालू, खोलीतली हवा खडखडीत कोरडी, आणि ठकीने माती उकरून पाण्याचं भांडं बुजवून टाकलेलं, मी चार-पाच दिवस नीट बघितलंच नाही. एका सकाळी बघते तर पोट मनुक्यासारखं सुरकुतलेलं आणि पाय आत मुडपून अंगाखाली घेतलेले. कोळ्याच्या पायाच्या मोठ्या सांध्यांना बाहेर ताणणारे स्नायूच नसतात, जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबावर उघडतो तसे त्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबावर उघडतात, म्हणून अंगातलं पाणी कमी झालं की पाय आवळले जातात. मी बशीत अर्धा सेंटीमीटर पाणी घेतलं आणि तिचं तोंड पाण्याला लागेल असं तिला अलगद टेकवून ठेवलं, पोट मात्र पाण्याबाहेर, कारण श्वास पोटाखालच्या फटींतून चालतो. पाऊण तासाने पुढचा एक पाय हळूच सरकला. संध्याकाळपर्यंत ती उभी होती. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी तिचं भांडं बघते.

तापमान २२ ते २८ अंश ठीक. तुम्हाला टीशर्टवर बरं वाटतं ना, तिलाही तेवढंच हवं. वरून दिवा नको, खाली हीट मॅट तर नकोच, कारण गरम झालं की कोळी खाली बीळ करायला जातो आणि खालीच भाजतो. लावायचीच तर बाजूच्या काचेला, थर्मोस्टॅट लावून.

खाणं

मोठ्या मादीला दहा-पंधरा दिवसांनी एक-दोन मोठी डुबिया झुरळं (खाद्य म्हणून मुद्दाम वाढवलेली) किंवा टोळ पुरे. उंदीर द्यायची काही गरज नाही. घरातली झुरळं कधीच देऊ नका, त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असू शकतं. त्याच कारणाने त्या खोलीत मच्छर कॉइल, स्प्रे, कुत्र्याचं पिसवांचं औषध यातलं काहीही नको. पोट डोक्याकडच्या भागाच्या दीडपटीपेक्षा मोठं दिसायला लागलं की खाणं कमी करा. न खाल्लेला किडा २४ तासांत बाहेर काढायचा.

कात टाकताना हात लावायचा नाही

कोळी आधी खाणं सोडतो, मोठा असेल तर महिना-दोन महिने. पोटाच्या वरच्या बाजूला केस झडून पडलेलं टक्कल काळपट व्हायला लागतं. मग जाळ्याची पांढरी चादर अंथरतो आणि तिच्यावर चक्क उताणा होतो. नवीन लोक इथेच घाबरतात, मेला समजून उचलतात, आणि त्या हाताळण्यानेच तो मरतो. उताणा म्हणजे कात, पाय आवळून पालथा म्हणजे पाणी, हा फरक लक्षात ठेवा. पेटीत जिवंत रातकिडा असेल तर लगेच काढा, मऊ कोळ्याला तो कुरतडतो.

मागच्या वेळी ठकीला चार तास लागले. आधी पुढचं कवच कडेने उकललं आणि मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे सगळे पाय हळूहळू, थांबून थांबून बाहेर आले. बाहेर आली तेव्हा दात सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखे पांढरे होते. ते आधी लाल आणि मग काळे होतात, काळे झाल्याशिवाय खायला द्यायचं नाही, मोठ्या कोळ्याला दोन-तीन आठवडे लागतात. पाणी मात्र भरून ठेवा. काढलेली कात टाकू नका, ओली करून पसरली की आतून नर का मादी ते कळतं.

केस, दुखापत, डॉक्टर

हातावर घेऊन फोटो काढू नका, पडण्याचा धोका तिलाच जास्त. शिवाय ही मागच्या पायाने पोटावरचे केस उडवते, खाजकुइलीसारखी आग होते, आणि डोळ्यात गेले तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, चोळायचं नाही. पेटी साफ करताना चष्मा, ग्लव्हज आणि लांब चिमटा.

पाय तुटला तर घाबरू नका, पुढच्या कातीला छोटा का होईना परत येतो. सांध्यातून निळसर द्रव येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून लावा. पण तोंडाभोवती पांढरी चिकट घाण दिसली आणि विचित्र वास आला तर ते बहुधा जंत असतात, त्यावर खात्रीचा इलाज नाही, त्या कोळ्याला बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, चिमटासुद्धा वेगळा.

कोळी बघणारे डॉक्टर फार कमी असतात, म्हणून कोळी घरी यायच्या आधीच दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवा. न्यायची वेळ आली तर भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ओला टिश्यू घालून न्या, मोठ्या डब्यात ती गाडीच्या धक्क्याने आपटते.