स्पेशल मुलांना शरीराबद्दल शिकवताना या चुका टाळा

फोंड्याला पालकांच्या मीटिंगमध्ये दरवेळी कोणीतरी म्हणतंच, "टीचर, आमची बाय मनाने अजून पाच वर्षांचीच, तिला हे कशाला?" अहो पण शरीर तेरा वर्षांचं झालंय ना. डाऊन सिंड्रोम असो की ऑटिझम, मुलं साधारण इतरांच्याच वयात वयात येतात.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मिठ्यांचा. चवथीला पाहुणे आले की "बाबू, मामीला मिठी मार", मग सगळे हसतात, किती प्रेमळ पोर म्हणतात. असाच एक मुलगा, सतरा वर्षांचा, उंचापुरा, पणजीच्या कदंबा बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला मागून मिठी मारली. लोकांनी त्याला मारलं, बस थांबवली, आई हात जोडून रडत होती, आणि त्याला कळेचना की काल ज्याचं कौतुक झालं त्यालाच आज मार का. पुढे कितीतरी महिने बस दिसली की तो थरथरायचा. त्या मुलीचीही यात काही चूक नव्हती हो. नियम सोळाव्या वर्षी बदलता येत नाहीत म्हणून मी पहिल्यापासूनच सांगते, मिठी फक्त आई, बाबा, आजीला, बाकी सगळ्यांना नमस्कार, आणि हे घरातल्या प्रत्येकाने पाळायचं. मुलं शिकतात, मामा-काकांनाच समजवावं लागतं.

दुसरं, गुड टच बॅड टचचा व्हिडिओ एकदा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा, चॉकलेट देणारा असतो, त्याचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही. त्यापेक्षा चड्डीच्या आत कोण आणि कधी हात लावू शकतं ते नावानिशी शिकवा, फोटो दाखवून, रोज आंघोळीच्या वेळी. आणि दिवसभर "ऐक, गप बस" करून वाढवलेलं मूल नको तिथे नाही कसं म्हणणार? मी तर आधी जेवणातल्या भाजीला नाही म्हणू देते.

पाळी आल्यावर सांगू म्हणून थांबू नका. आधीच पॅड लावून बसायची सवय करा, चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ मारून ठेवा. गर्भाशयच काढून टाकूया का असं विचारणारे पण भेटतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारी कुठलीच प्रोसिजर करता येत नाही.

हस्तमैथुन दिसलं की फटका मारू नका, घाण म्हणू नका, जागा शिकवा. आपली खोली, दार बंद. खोली नसेल तर घरचं बाथरूम, शाळेचं नव्हे.

आणि काही घडल्याचा संशय आला तर घरातल्या घरात मिटवू नका. अठराच्या खालचं मूल असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर पण फोन करता येतो. मुलाला नीट बोलता येत नसेल तर जबाब घेताना स्पेशल एज्युकेटरची मदत मागा, ती कायद्यातच आहे.